भाऊजींचं लिनक्स काढताना

सोमवार, ३

डॉक्टरांनी आज तारीख दिली. एकोणीस, बुधवार. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, थोडं ठेवून भागणार नाही, असं ते म्हणाले. सांगताना माझ्याकडे बघत होते, यांच्याकडे नाही. गाठ यांच्या गळ्यात आहे, पण चेहरा बहुधा माझा जास्त उतरला होता.

यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे बोलणं बंद?"

"तुमच्या स्वतःच्या आवाजात बंद."

भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. फरसबीचा भाव यांच्या तोंडून फुटला की पत्र्याच्या शेडच्या पलीकडच्या टोकाला चहावाल्याला कळायचा. आता तोच आवाज गेले काही महिने खरवडल्यासारखा येतो, आणि आम्ही दोघंही सर्दी सर्दी म्हणत बसलो.

तिथून आम्हाला वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. ऑपरेशन झालेल्यांना परत बोलायला शिकवायचं त्यांचं काम. त्यांनी एक प्रोग्राम दिला. माणसाने आधीच आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवायची. नंतर कॉम्प्युटरवर बटण दाबलं की तेच वाक्य, त्याच आवाजात. ऐकल्याबरोबर मी ठरवलं की हे करायचंच. बाकी काय जायचं ते जाईल, यांचा आवाज घरात राहिला पाहिजे. बाई म्हणाल्या, "ज्यावर भराल त्यावरूनच बोलायचं, तेव्हा मशीन आपल्या घरचंच घ्या. आणि विंडोज हवं."

आमच्या घरच्या मशीनमध्ये भाऊजींचं लिनक्स आहे.

मंगळवार, ४

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतात. आमचं विंडोज रडतखडत चालायचं म्हणून त्यांनी मागे एकदा लॅपटॉपवर लिनक्स बसवून दिलं. "वहिनी, आता व्हायरस औषधालासुद्धा सापडणार नाही." तेव्हा मीच त्यांना दोन वाट्या खीर वाढली होती. आता सुरू करताना मशीन विचारतं की लिनक्समध्ये जायचं की विंडोजमध्ये. डिस्कवरची मोठी जागा लिनक्सने घेतलेली, विंडोज बिचारं कोपऱ्यात अंग चोरून आहे.

आज त्या कोपऱ्यात बाईंचा प्रोग्राम घालून पाहिला. जागा नाही म्हणाला. फोटो हलवले, रिकामं करता येईल ते केलं, तरी नाही. थोडक्यात, लिनक्स काढल्याशिवाय विंडोजला हातपाय पसरता येणार नाहीत.

नवा लॅपटॉप ऑपरेशनच्या तोंडावर कुठून आणायचा! भाऊजींना फोन केला. लिनक्स काढायचं म्हटल्यावर त्यांनी मला तेच दोनदा परत म्हणायला लावलं. मग म्हणाले, "काढायचं कशाला? मी तो प्रोग्राम लिनक्समध्येच चालवून दाखवतो. उद्यापासून येतो."

गुरुवार, ६

भाऊजी काल आले, आज आले. क्लास सुटला की थेट इकडे. टेबलावर लॅपटॉप, शेजारी हे, आणि दोघांच्या गप्पा. लहानपणी विहिरीत पडलेली चप्पल कुणी काढली, यावर आज वाद! प्रोग्राम उघडतो आणि बंद पडतो. भाऊजी म्हणतात, "आज नाही, उद्या होईल."

डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका सांगितलंय. जो आवाज भरून ठेवायचा तो हे चपलेवर खर्च करतायत. मी स्वयंपाकघरातून दोनदा ओरडले. "हो हो," म्हणाले, आणि पुढे चालू.

शनिवार, ८

आज बाईंनी दिलेली नमुन्याची वाक्यं यांना वाचायला लावली, निदान तालीम तरी होईल म्हणून. पहिलंच वाक्य, 'कृपया मला पाणी द्या.'

"कृपया?" हे म्हणाले. "मी तुला कधी कृपया म्हटलंय?"

"नाही. आणि तरी मी पाणी दिलंय."

"मग आता का बिघडवायचं?"

पुढचं वाक्य होतं, 'मला थोडे अस्वस्थ वाटत आहे.' ते यांनी लिलावाच्या चालीवर पुकारलं. अस्वस्थ एक वार, अस्वस्थ दोन वार. भाऊजी पोट धरून हसत होते. मला हसू आलं नाही. मला त्या दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला.

सोमवार, १०

प्रोग्राम अजून जागचा हललेला नाही. आठवडा असाच गेला. मी म्हटलं, "मशीन रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे टाकू या." हे एकदम ताठ झाले. "घरचं मशीन बाहेर द्यायचं नाही."

"का? त्यात काय सोनं आहे?"

"धाकट्याला वाईट वाटेल."

धाकट्याला वाईट वाटेल! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना भावाच्या लिनक्सची काळजी. मग म्हणाले, "एवढी घाई असेल तर तूच कर की. तुला जमेल."

टोमणा मारला असावा. पण मी तो सरळ घेतला. मी धुलाईच्या दुकानात डाग काढते. शाई, गंज, तेल, रक्त, कशाला काय लागतं ते मला माहीत आहे. लिनक्सला काय लागतं तेवढंच विचारायचं.

मंगळवार, ११

दुकानातून परत येताना कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. बारीक मिशीचा, उतावळा माणूस. म्हणाला, "ताई, लिनक्स काढणं सोपं आहे. पण मशीन सुरू होताना कुणाला उठवायचं, हे विचारणारी चिठ्ठी लिनक्सचीच असते. लिनक्स पुसलंत की ती चिठ्ठीही अर्धी पुसली जाते, आणि मग कुणीच उठत नाही. म्हणून आधी बूट डिस्क. पेनड्राइव्हवर विंडोज दुरुस्तीची बूट डिस्क करून ठेवा. मशीन आडवं पडलं तर त्या पेनड्राइव्हवरून उठवायचं. दोन करा. एक दगा देतेच."

मी विचारलं, "आधी कुठे कोपऱ्यात थोडंसं करून बघता येतं का?" आम्ही औषध लावण्याआधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघतो. रंग गेला तर तिथेच कळतं. तो म्हणाला, "यात शिवण नसते, ताई. पुसलं की पुसलं."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. स्वयंपाकात मीठ दोनदा घातलं. यांनी निमूट खाल्लं.

बुधवार, १२

फाईल उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर टाकली, मशीन बंद करून चालू केलं. मशीनने पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर तो हसायला लागला. "अहो, फाईल नुसती टाकायची नसते. तिची डिस्क बनवायची असते. वेगळा प्रोग्राम लागतो. आणि लक्षात ठेवा, बनवताना पेनड्राइव्हवरचं सगळं जातं."

सगळं जातं हे ऐकून तोंडचं पाणी पळालं, कारण फोटो त्याच पेनड्राइव्हवर होते. ते दुसरीकडे घेतले, तीन वेळा उघडून बघितले. मग डिस्क केली. त्या हिरव्या पट्टीकडे बघत मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. हे मागे उभे राहून म्हणाले, "बाजारभाव लागल्यासारखी बघतेस."

"बोलू नका," मी म्हटलं.

आता मशीन त्या पेनड्राइव्हवरून उठतं. दुसरीही डिस्क केली. ऑपरेशनचा विचार दिवसभरात एकदाही मनात आला नाही, हे आत्ता लिहिताना कळलं.

गुरुवार, १३

भाऊजी आले होते. त्यांना काही सांगितलं नाही. ते लिनक्समध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात शिरतात, पासवर्ड टाकून, आणि खटाखट काहीतरी करत बसतात. मग गप्पा. आज हे त्यांना पहिल्या लिलावाची गोष्ट सांगत होते, पानकोबीच्या ऐवजी फुलकोबी पुकारली ती. मी ऐकलेली आहे. तरी दारात उभी राहिले. मग यांना खोकला आला आणि मी भाऊजींना अक्षरशः घालवून दिलं.

हे रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "त्याला अजून दोन दिवस येऊ दे."

"प्रोग्राम होणार आहे का त्यांच्याने?"

"होईल की."

डोळा मारला की पापणी फडफडली, सांगता येत नाही.

शनिवार, १५

केलं.

धुलाईत कपडा पिंपात जाण्याआधी खिसे तपासायचे असतात. तसे सगळे तपासले. फोटो, यांचे रिपोर्ट, विम्याचे कागद, माझी गाणी, सगळं तिसऱ्या, वेगळ्या पेनड्राइव्हवर काढलं. भाऊजींचं खातं तेवढं उघडलं नाही. गिऱ्हाइकांच्या खिशात मी रोज हात घालते, पण दिराच्या कुलपाला हात लावणं बरं दिसेना. आणि त्यात असून असून असणार काय, त्यांचे ते काळ्या पडद्यावरचे मंत्र!

हे भावाबरोबर रक्ततपासणीला गेले होते. विंडोजमध्ये जाऊन लिनक्सची जागा पुसली आणि ती विंडोजला जोडली. मशीन म्हणालं, झालं. मग बंद करून चालू केलं. काळा पडदा. वर इंग्रजीत दोन ओळी, खाली एक रेघ उघडझाप करतेय. विंडोज नाही, लिनक्स नाही. हे होणार हे त्या मिशीवाल्याने सांगितलं होतं, तरी पुन्हा एकदा बंद-चालू करून पाहिलं. मी मोठ्याने म्हटलं, "उठ रे बाबा."

पहिली बूट डिस्क लावली. मशीनने ओळख दाखवली नाही. दगा देतेच म्हणाला होता. दुसरी लावली. तिने दार उघडलं. दुरुस्ती, मग पुन्हा काळी खिडकी, मग कॉम्प्युटरवाल्याने सांगितलेली ओळ एकेक अक्षर बघून टाकली. पेनड्राइव्ह काढला. चालू केलं.

विंडोज आलं! एकटं, ऐसपैस. जीव भांड्यात पडला. बाईंचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात बसला. हे येताच यांना माईकसमोर उभं केलं आणि तपासणीसाठी एक-दोन-तीन म्हणायला लावलं. बटण दाबलं. यांचा आवाज परत आला, एक, दोन, तीन. मी टाळ्या वाजवल्या.

भाऊजी मागेच उभे होते. "लिनक्स कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"काढलं," मी म्हटलं. "मीच काढलं."

ते मटकन खाली बसले. पुढचं लिहायला हात वळत नाही, पण लिहिते. इतके दिवस ते रोज आल्यावर माईक चालू करून ठेवायचे. चप्पल, फुलकोबी, पहिला पगार, यांचं हसणं, खोकणं, सगळं त्यांच्या खात्यात भरून ठेवत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही.

"सांगितलं असतं तर दादा माईकसमोर बोलला असता," भाऊजी म्हणाले. "मला घरात बोलतो तसा दादा हवा होता. आज नेणारच होतो काढून. मला वाटलं नव्हतं, वहिनी, तुम्हाला जमेल."

"मी सांगत होतो तुला," हे भाऊजींना म्हणाले, पण नेहमीच्या मिस्कील आवाजात नाही.

मी आवाज वाचवायला निघाले होते. मीच पुसला.

रविवार, १६

रात्रभर नुसती कूस बदलत होते. सकाळी भाऊजी त्यांचा स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आले, लिनक्सची बूट डिस्क. त्यावरून मशीन उठवलं की आतल्या डिस्कला धक्का न लावता आत डोकावता येतं म्हणे. पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, पुसलं म्हणजे नुसती पाटी काढली गेलीय, सामान तिथेच पडलेलं आहे. पण विंडोज आता त्या जागेवर सामान टाकू लागलंय. प्रोग्राम बसला तेव्हा काही गेलं असेल, एक-दोन-तीनमध्ये काही गेलं असेल. जितकं नवीन भराल तितकं जुनं चिरडलं जाईल. उरलंसुरलं काढायला त्यांना काही दिवस लागतील, तोवर मशीन विंडोजमध्ये उघडायचंही नाही.

म्हणजे एक तरी गोष्ट सोडायची. परवा हे दवाखान्यात भरती होणार. आज आणि उद्या बाईंची वाक्यं भरली तर त्या गप्पा जातील. गप्पा धरल्या तर यांच्याजवळ बोलायला एक वाक्य नसेल, आणि त्या गप्पा सापडतील याचीही खात्री नाही. मी म्हटलं, वाक्यं भरू. भाऊजींचे डोळे भरून आले.

हे म्हणाले, "माझा आवाज आहे ना? मग मला विचाराल का कुणी?"

मग यांनी लॅपटॉप मिटून भाऊजींकडे सरकवला.

"बाईंची वाक्यं राहू देत. पाणी हवं असलं तर मी पेला आपटीन. तू घेऊन जा रे हे."

भाऊजी लॅपटॉप छातीशी धरून घेऊन गेले.

सोमवार, १७

आज सुट्टी घेतली. हे बोलत होते. जेवताना, नंतर आडवं पडून, भाजी निवडताना. आवाज पार फाटलेला. चप्पल कुणी काढली ते मलाही कळलं. मी एकदाही बोलू नका म्हटलं नाही. लॅपटॉप भाऊजींकडे, घरातला फोन साधा बटणांचा, भरून घ्यायला जवळ काही नव्हतं.

एक-दोनदा नाक शिंकरायच्या निमित्ताने आत जाऊन आले.

बुधवार, १९

झालं. सुखरूप आहेत असं डॉक्टर म्हणाले. गळ्यात नळी आहे. मला बघून ओठ हलले आणि काहीच आलं नाही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. इतके दिवस रडायला सवड झाली नव्हती, ती सगळी आज मिळाली.

शनिवार, २२

बाईंनी पाटी आणि पेन दिलंय. हे लिहीत नाहीत. अक्षर बघून नर्स हसते म्हणून. पेला आपटतात. आजूबाजूचे वैतागलेत.

भाऊजींचा फोन नाही. विचारायची हिंमत होत नाही.

शुक्रवार, २८

दुपारी भेटायच्या वेळेला भाऊजी आले, दाढी वाढलेली, काखेत लॅपटॉप. बरंचसं गेलं, म्हणाले. तुकडे मिळालेत. नावं नाहीत, मागचं पुढे झालंय, कुठलं कधीचं ते ऐकल्याशिवाय कळत नाही. अजून त्यांनीही सगळे ऐकलेले नाहीत. पलंगावर यांच्या पायाशी लॅपटॉप ठेवला आणि हाताला लागला तो तुकडा लावला.

आधी भांड्यांचा आवाज. मग मी, स्वयंपाकघरातून: "अहो, पुरे आता. भाऊजी, तुम्ही तरी गप्प बसा." माझा आवाज इतका करवतीसारखा आहे हे मला माहीत नव्हतं. मग यांचं "हो हो." तो आवाज ऐकून मी पलंगाची दांडी धरली. यांनी डोळे मिटले होते.

मग भाऊजी, हळू आवाजात: "दादा, हे लिनक्समध्ये होणार नाही, तुलाही माहीत आहे. एका दुपारचं काम आहे. काढून टाकतो की."

आणि हे: "थांब रे. अडलंय तसं अडू दे थोडे दिवस. मशीन अडलंय तोवर ती मशीनला शिव्या देते. ते सुटलं की बसेल माझ्या गळ्याकडे बघत. मला ते बघवत नाही." खोकला. "उलट तिलाच करू दे. तुझ्यापेक्षा बरं करेल."

तुकडा तिथेच संपला.

भाऊजी बुटांकडे बघायला लागले. हे छताकडे. चोरी पकडल्यावर दोघे भाऊ सारखेच दिसतात. आणि मला राग आला. इतका की कान तापले. रोज मशीन आडवं पडेल याची धास्ती, मिठाचा घोळ, आणि हे दोघं मिळून मला कामाला लावून बसले होते! माया कळत होती, ती कळत होती म्हणून तर जास्त राग येत होता.

"मला काय लहान मूल समजलात?" मी म्हटलं. "खुळखुळा दिलात हातात?"

यांनी हात उडवला. म्हणजे, अगं ऐक तर.

"काय ऐकू? मला बघायचं होतं तुमच्या गळ्याकडे. माझा हक्क होता. रडले असते तर रडले असते."

यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग डोळ्यांवर, मग मान हलवली. मला नसतं झेपलं.

"आणि मला झेपलं ते? पुसलं मी सगळं!"

लॅपटॉपकडे बोट, मग माझ्याकडे, मग अंगठा वर. पण केलंस की नाही? मग दोन्ही हात झपाझप चालायला लागले, बाजारात चालायचे तसे, थांबायचं नाव नाही, आणि मी मध्येच तोडत होते, हे माझं तोडत होते. भाऊजी एकदा यांच्याकडे एकदा माझ्याकडे बघत बसले होते. त्यांना काही कळत होतं की नाही कोण जाणे. मला शब्द न् शब्द कळत होता.

नर्स दारात आली. "तुम्ही दोघंही जरा हळू बोला हो," ती म्हणाली, "शेजारचे आत्ता कुठे झोपलेत."

यांनी हात खाली घेतले. मी आवाज खाली घेतला. आणि आम्ही तसेच भांडत राहिलो.